तारेचा स्वर आणि यंत्राचा कान

विद्युत् गिटारीचा ध्वनी कितीही मोठा केला तरी तो तारेचाच राहतो. तीच तार छेडून तुतारीचा किंवा व्हायोलिनवृंदाचा भास उत्पन्न करावा, या आकांक्षेतून गिटार-सिंथेसायझर जन्मास आला.

पट्ट्यांच्या वाद्यात कोणती पट्टी दाबली गेली हे यंत्रास तत्काळ कळते. गिटारीत मात्र कंप ऐकूनच स्वर ओळखावा लागतो. म्हणून सहा तारांचे कंप वेगवेगळे टिपण्याची योजना झाली. तरीही अडचण उरलीच. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ८२ वेळा कंप पावते. तिचे एकच आवर्तन पुरे होण्यास १२ मिलिसेकंद लागतात. यंत्राने तेवढा विचार करावा, तोवर वादकाचे बोट पुढे गेलेले असते.

१९७७ साली अमेरिकेतील आर्प कंपनीने ‘अवतार’ नावाचे यंत्र काढले. त्यावरचा खर्च विक्रीतून निघाला नाही आणि १९८१ मध्ये कंपनीच लयास गेली. जपानच्या रोलँडने १९७७ मध्येच जीआर-५०० काढले होते. परंतु खरे यश १९८० च्या जीआर-३०० ला लाभले. त्यात ध्वनिनिर्मिती प्रत्येक तारेच्या कंपाशीच जखडलेली असल्यामुळे स्वर बोटामागोमाग येई. पॅट मेथेनी यांनी १९८२ च्या ‘ऑफरँप’ या ध्वनिमुद्रिकेत त्यावर तुतारीसारखा आर्त स्वर काढला.

त्या स्वरातली ओढ मात्र तार ताणणाऱ्या बोटाची होती. ती ओढ ज्या यंत्राने तत्परतेने ऐकली, तेच वादकांनी आपलेसे केले.