कलेक्टरची खुर्ची एकच! मग वऱ्हाडातल्या मुलांनी सरकारी सेवेची तयारी कशी करायची?

दहावी-बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याकडे गुणगौरवाचे कार्यक्रम सुरू होतात. हारतुरे होतात, पाहुणे माईक हातात घेतात आणि समोर बसलेल्या मुलांना सांगतात, "स्पर्धा परीक्षा द्या, कलेक्टर व्हा." टाळ्या पडतात आणि मुलं घरी जातात. पण त्यासाठी नेमकं काय करायचं आणि कलेक्टर झालो नाही तर पुढे काय, हे सांगायचं राहून जातं.

साधा हिशोब बघा. अमरावती जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याचं पद एक, अकोल्यातही एकच. पण अमरावतीत १४ तालुके आहेत आणि अकोल्यात ७. या २१ तालुक्यांमध्ये तहसीलदार, गटविकास अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस असे कितीतरी लोक काम करतात. सरकारी सेवा म्हणजे हे सगळं.

ही पदं महत्त्वाची का आहेत?

गारपिटीत संत्र्याचा बगीचा गेला किंवा पावसात सोयाबीन सडलं, तर पंचनामा करायला बांधावर येतात ते तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. शेतकऱ्याला किती मदत मिळणार, हे त्यांच्या कागदावर अवलंबून असतं. दाखले आणि इतर सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात म्हणून राज्यात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला. पण तो पाळायचा की नाही, हे शेवटी टेबलामागे बसलेल्या माणसावर येतं.

मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकू बोलणारी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. तिथे आलेल्या कर्मचाऱ्याला लोकांची भाषा समजत असेल, तर अर्धं काम तिथेच सोपं होतं. म्हणून अशा गावांतली मुलं सरकारी सेवेत येणं गरजेचं आहे.

कोणत्या पदासाठी कोणती परीक्षा?

आयएएस, आयपीएस व्हायचं असेल तर यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, पोलीस उपअधीक्षक, गटविकास अधिकारी ही पदं एमपीएससीच्या राज्यसेवेतून भरली जातात. राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी झालेले काही अधिकारी पुढे बढतीने आयएएसमध्ये जातात.

पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी यांच्यासाठी एमपीएससीची गट-ब संयुक्त परीक्षा आहे. वन सेवा आणि कृषी सेवेची पूर्व परीक्षा आता राज्यसेवेसोबतच होते, मुख्य परीक्षा मात्र वेगळी असते. अकोल्यात १९६९ पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथून कृषीची पदवी घेणाऱ्यांना राज्यसेवा आणि कृषी सेवा, असे दोन्ही रस्ते खुले असतात.

तलाठी होण्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. पोलीस शिपायासाठी बारावी पास असावं लागतं. त्यात ५० गुणांची मैदानी चाचणी आणि १०० गुणांची लेखी परीक्षा असते. त्यामुळे पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांनी पुस्तक बाजूला ठेवून चालत नाही.

मराठी माध्यमातून जमतं का?

जमतं, पण एक गोष्ट आधी माहीत हवी. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते आणि मुलाखतही मराठीत देता येते. प्रश्नपत्रिका मात्र हिंदी आणि इंग्रजीतच छापलेली असते. शिवाय मुख्य परीक्षेत इंग्रजीचा एक पात्रता पेपर असतो. तो पास झाला नाही तर बाकीचे पेपर तपासले जात नाहीत. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज थोडं इंग्रजी वाचायची सवय लावावी.

राज्यसेवेचे प्रश्न मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली आहे. आता चार पर्यायांतून एक निवडून भागत नाही, उत्तर स्वतः लिहावं लागतं. त्यामुळे लिखाणाचा सराव करणाऱ्याला दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र करता येते.

स्पर्धा किती आहे?

यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ अर्ज आले होते. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३ जण आणि शेवटी निवड झाली १,००९ जणांची. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज होते १० लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेमागे दोनशेपेक्षा जास्त उमेदवार.

हे आकडे घाबरवण्यासाठी सांगितलेले नाहीत. पण मुलाला पुण्याला पाठवताना घरच्यांनी ते बघितलेले असावेत. खोलीभाडं, मेस, क्लासची फी हा सगळा खर्च बऱ्याच घरांत कापूस-सोयाबीनच्या पैशातून निघतो.

किती वर्षं द्यायची?

यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न आहेत. ओबीसींसाठी ३५ वर्षं आणि ९ प्रयत्न. अनुसूचित जाती-जमातींसाठी मर्यादा ३७ वर्षं आहे, त्या वयापर्यंत प्रयत्नांवर बंधन नाही. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंतची मुभा आहे.

खरी अडचण इथेच आहे. मर्यादा लांब असल्यामुळे "अजून एक अटेम्प्ट" म्हणता म्हणता तिशी उलटते. हातात दुसरं कौशल्य नसेल तर परतीचा रस्ता अवघड होतो. म्हणून पदवी निवडतानाच नोकरी किंवा व्यवसाय देऊ शकेल असा विषय घ्यावा. मोठ्या परीक्षेची तयारी करताना गट-ब, गट-क आणि तलाठीचे अर्जही भरावेत. नोकरीवर लागल्यानंतरही पुढची परीक्षा देता येते.

मदत कुठे मिळते?

त्यासाठी लगेच पुणे-दिल्ली गाठायची गरज नाही. यूपीएससीच्या तयारीसाठी राज्य सरकारचं पूर्व प्रशिक्षण केंद्र अमरावतीतच आहे. तिथे प्रवेश परीक्षेतून निवड होते. याशिवाय अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय या संस्था प्रशिक्षणाच्या योजना राबवतात. प्रत्येकाच्या अटी आणि अर्जाच्या तारखा वेगळ्या असतात, त्या अधिकृत संकेतस्थळावरच तपासाव्यात. फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर विसंबून फॉर्म भरू नये.

पुढच्या गुणगौरवाला मुलांना "कलेक्टर व्हा" जरूर सांगावं. सोबत घरी बसून तीन गोष्टी वहीत लिहायला सांगाव्यात: कोणतं पद हवं आहे, त्याची परीक्षा कोणती आणि कोणत्या वयापर्यंत प्रयत्न करायचा. तिसरं उत्तर आई-वडिलांसमोर लिहिलेलं बरं.