सस्पेन्स खात्यातला डोंगर

जी रक्कम कुठं जमा करावी ते कळत नाही, ती आम्ही बँकवाले सस्पेन्स खात्यात टाकतो. तात्पुरती! पुढे साहेब बदलतात, शाखेच्या भिंतींचा रंग बदलतो, रक्कम काही जागची हलत नाही. ब्रिटिश सरकारनं १९४० साली वेल्समधला एक अख्खा डोंगर असाच सस्पेन्समध्ये टाकला.

डोंगराचं नाव एपिंट. वर मेंढ्यांची कुरणं, खाली ओढ्याकाठी दगडी घरं. ५४ घरं, दोनशेच्या वर माणसं, बोली वेल्श. एक शाळा, बाबेल नावाचं एक प्रार्थनामंदिर आणि गुरं हाकत इंग्लंडच्या बाजाराला निघालेल्यांसाठी 'ड्रोव्हर्स आर्म्स' ही खाणावळ. तिकडच्या मेंढरांना कुंपण लागत नाही म्हणे. आपला डोंगर कुठवर, हे कोकरू आईमागून फिरता फिरता शिकतं.

युद्ध सुरू झालं आणि लष्कराला तोफांच्या सरावाला जागा हवी झाली. एप्रिलअखेर घरं खाली करा, असा हुकूम निघाला. पण तो मेंढ्या विण्याचा हंगाम, म्हणून जूनपर्यंत मुदत वाढली. मुदतवाढ मेंढ्यांना मिळाली, माणसांना नव्हे, एवढी नोंद करून ठेवतो! आयोर्वर्थ पीट नावाचे संग्रहालयातले संशोधक निरोपाच्या दिवसांत तिथं गेले, तर ऐंशी उलटलेली एक आजी अंगणात खुर्ची टाकून रडत बसलेली. कुठून आलात, तिनं विचारलं. कार्डिफहून, म्हटल्यावर म्हणाली, लवकर परत जा बाबा, इथं जग बुडतंय.

लढाई संपली की परत येऊ, असंच पुष्कळांना वाटत होतं. एक शेतकरी तर घर सोडल्यावरही डोंगर चढून यायचा आणि रिकाम्या घरात चूल पेटवून जायचा. भिंतींना ओल धरू नये म्हणून. एकदा येऊन बघतो तो घराच्या जागी दगडांचा ढीग. घर उडवलंय, आता यायची तसदी नको, असं अधिकाऱ्यानं त्याला सांगितलं.

१९४५ साली लढाई संपली. डोंगर अजून लष्कराकडेच आहे. घरांची जोती उरलीत, आणि वेल्श भाषेची हद्द तेवढी पश्चिमेला सरकली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लष्करानं तिथं एक नवं गावही वसवलं, पूर्व जर्मनीच्या धर्तीचं, सैनिकांना गल्लीबोळांतून लढायला शिकवायला. घरं आहेत, चर्च आहे, आवारात खोटी थडगीसुद्धा आहेत. राहायला कोणी नाही.

खरी थडगी बाबेलच्या आवारात आहेत. त्यांना जूनची मुदत लागू नव्हती.