मिठागरातील मिश्रणे



मिश्रणे दोन प्रकारची, समांगी आणि विषमांगी, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आणि परीक्षा संपताच बहुधा विसरलो. पण आपल्या पेण-उरणच्या खाजणांत आगरी बांधवांनी पुस्तकाविना हाच धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरविला आहे.

भरतीचे गढूळ पाणी मिठागरात घेतात, ते विषमांगी मिश्रण. चिखलाचे कण त्यात तरंगत असतात. यालाच निलंबन म्हणतात. पाणी थोपवून धरले की गाळ खाली बसतो. वरचे नितळ पाणी दिसायला शुद्ध, पण त्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. हे समांगी मिश्रण, म्हणजे द्रावण. कितीही दिवस ठेवा, मीठ तळाशी बसणार नाही. फडक्यातूनही गाळले जाणार नाही. येथे ऊनच हवे. उथळ वाफ्यांत पाणी आटू लागते, आधी जिप्सम खाली बसते आणि पाणी सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले की मिठाचे स्फटिक धरतात. मात्र सगळे पाणी आटवायचे नसते! शेवटच्या पाण्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार उरतात. ते काढून टाकले नाही तर मीठ कडवट होते, ओल धरते.

या साध्या क्रियेवर राज्यकर्त्यांची नजर फार जुनी. पोर्तुगीजांच्या बारदेशातील स्वस्त मिठाने कोकणचे मीठ बुडू नये म्हणून शिवाजी महाराजांनी १६७१ साली त्यावर जबर जकात बसविण्याची आज्ञा कुडाळच्या सरसुभेदारास दिली. इंग्रजांनी मात्र येथल्याच मिठावर कर लादला. १८८२ च्या कायद्याने परवान्याविना मीठ काढणे गुन्हा ठरले. म्हणजे समुद्राच्या पाण्याचे घटक वेगळे केले की शिक्षा!

हा कायदा ६ एप्रिल १९३० रोजी गुजरातेत दांडीला मोडला गेला. गांधीजींना अटक झाल्यावर धारासणा सत्याग्रहाची धुरा ७६ वर्षांच्या अब्बास तय्यबजींनी घेतली. बडोद्याचे हे निवृत्त न्यायाधीश १२ मे रोजी स्वतः कैदेत गेले. मिठावरचा कर उठला तो १९४७ साली.

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि उरणकडील कित्येक मिठागरे भरावाखाली गेली. तेव्हा मुलांनो, प्रयोग घरीच करा. बाटलीभर खाडीचे पाणी दोन दिवस स्थिर ठेवा, वरचे नितळ पाणी पसरट ताटात ओतून उन्हात मांडा. स्फटिक दिसू लागले की उरलेले थोडे पाणी वेगळ्या बशीत काढा आणि दोन्हींत काय जमते ते वहीत टिपून ठेवा.