तंजावरचा उकडा तांदूळ आणि थायमिन

तंजावरच्या बाजारात तांदळाचे दोन वर्ग आहेत : पच्चरिसी म्हणजे कच्चा तांदूळ आणि पुळुंगल अरिसी म्हणजे उकडा. मूळच्या कोकण-गोव्याकडील वाचकांना उकड्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. नैवेद्यात व श्राद्धात मान कच्च्याचा. उकडा एकदा शिजलेला, म्हणून त्याला तेथे मज्जाव. तंजावरच्या मराठी घरांतही मी हाच संकेत पाहिला. पोषणशास्त्राने मात्र हा क्रम उलटा लावला आहे.

उकड्यासाठी भात सालासकट भिजवून वाफवतात व मग वाळवितात. त्या वेळी कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरते आणि गिरणीत कोंडा गेला तरी बरेचसे टिकून राहते. त्याचे शास्त्रीय नाव थायमिन. नावाचा पहिला अंश ग्रीकमधील गंधकवाचक शब्दावरून आला, कारण त्याच्या रेणूत गंधक आहे. पिष्टमय अन्नापासून ऊर्जा मिळविण्यास ते आवश्यक असते. दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम पुरते. पण तेही न मिळाल्यास बेरीबेरी होतो, पाय लुळे पडतात, अंगावर सूज येते, हृदय थकते.

जावा बेटावर आइकमान यांनी १८९० च्या सुमारास पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत हा विकार ओळखला. १९२६ मध्ये यान्सेन व डोनाथ यांनी कोंड्यातून त्याचे स्फटिक वेगळे केले. १९३६ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करणारे रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्म मद्रास इलाख्यातील नेल्लोरचा, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. याच इलाख्याच्या उत्तरेकडील तेलुगू किनाऱ्यावर, गिरणीचा कच्चा तांदूळ खाणाऱ्यांत, बेरीबेरी ठाण मांडून होता. उकडा खाणाऱ्या तमिळ प्रदेशात तो क्वचितच आढळे. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत मॅककॅरिसन व पुढे आयक्रॉइड यांनी या कोड्याचा अभ्यास केला. इलाखा एक, सरकार एक, मुख्य अन्नही एक. फरक केवळ दळणापूर्वीच्या वाफेचा.

शेतकऱ्याला यातले काही ठाऊक नव्हते. उकडा गिरणीत कमी तुटतो आणि अधिक टिकतो, हा त्याचा हिशेब. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो पुरेसा वाटतो! कुरुवै हंगामाचे भात ऐन पावसाच्या तोंडावर ओले हाती येते. ते वाळविण्याच्या व उकडण्याच्या सुधारित पद्धतींसाठी १९६७ मध्ये तिरुवारूरला, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, भातप्रक्रिया संशोधन केंद्र निघाले. आज तंजावरला असलेली राष्ट्रीय अन्नतंत्रज्ञान संस्था त्यातूनच वाढली.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा केली. त्यात लोह, फोलिक आम्ल व ब-१२ घालावयाचे होते. थायमिन अनिवार्य नव्हते. खरेदीच्या तांदळाची प्रत ठरविताना आपण तुकडा, ओलावा, रंग बदललेले दाणे मोजतो. ब-१ चा रकाना त्या तक्त्यात मला आढळलेला नाही.