मारिअस, ग्राडा हेर्मिना

(१८५४–१९१९). डच चित्रकर्त्री, कलासमीक्षक व कलेतिहासकार. जन्म हेंगेलो येथे. निधन हेग येथे. ॲम्स्टरडॅमच्या शासकीय कला अकादमीत आउगुस्ट आलेबे यांच्याकडे त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. ही अकादमी १८७० मध्ये सुरू झाली आणि वर्षभरातच तिने स्त्रियांना प्रवेश दिला. ही वाट वापरणाऱ्या सुरुवातीच्या पिढ्यांतील मारिअस होत.

त्यांनी चित्रे काढली. ख्याती मात्र लेखनाने मिळाली.

१८९९ मध्ये त्यांनी जॉन रस्किन यांच्या ग्रंथांची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. ही निवड लक्षणीय आहे. रस्किन यांनी ‘मॉडर्न पेंटर्स’मध्ये सतराव्या शतकातील डच निसर्गचित्रकारांची यथेच्छ निर्भर्त्सना केली होती. रस्किन यांची ओळख डच वाचकांना करून देणारी हीच लेखिका चार वर्षांनी स्वदेशीय चित्रकारांचा इतिहास घेऊन पुढे आली.

‘दे होलान्ड्‌से शिल्डरकुन्स्ट इन दे नेखन्टीन्डे एऊ’ (१९०३) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. विषय एकोणिसाव्या शतकातील डच चित्रकला. याचे इंग्रजी भाषांतर अलेक्झांडर टेशेरा दे मात्तोस यांनी केले व ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी वाचकांना या कालखंडाची ओळख करून घेण्यास हे भाषांतर उपयोगी पडले. शतकारंभीचे पीनेमान व क्रूसेमान, स्वच्छंदतावादी न्यूयेन, निसर्गचित्रकार स्खेल्फहाउट व कूककूक यांच्यापासून निवेदन सुरू होते. पण ग्रंथाचा कणा हेग संप्रदाय हाच. या संप्रदायाला ते नाव समीक्षक फान सांटेन कोल्फ यांनी १८७५ मध्ये दिले. करड्या रंगच्छटा, ओलसर आकाश, कुरणे, गुरे आणि कोळ्यांची घरे हे त्याचे विश्व. योझेफ इस्राएल्स, याकोप, मात्थाइस व विल्लेम हे मारिस बंधू, अँटोन माउवे, वाइसेनब्रुख, मेस्डाख ही त्यातील नावे. ग्रंथ निघाला तेव्हा इस्राएल्स व मेस्डाख हयात होते, माउवे (मृ. १८८८) व याकोप मारिस (मृ. १८९९) यांना जाऊन फार काळ लोटला नव्हता. त्यामुळे हा इतिहास पुष्कळ अंशी समकालीनांविषयीची समीक्षाही आहे. स्वतः रंग हाताळलेल्या व्यक्तीची नजर त्यात जाणवते : चित्राच्या विषयापेक्षा रंगाचा पोत आणि प्रकाश यांना त्या अधिक महत्त्व देतात. व्हॅन गॉग यांची दखल ग्रंथात आहे. पण पुढील पिढ्यांनी त्यांना दिलेले स्थान येथे शोधू नये. आजचा अभ्यासक या मूल्यमापनाशी सहमत होईलच असे नाही, तरी हेग संप्रदायाला त्याच्या भरात पाहणाऱ्यांचा दृष्टिकोन समजून घेण्यास हा ग्रंथ अद्याप उपयुक्त आहे.

१९०३ च्या ग्रंथाच्या डच मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव आद्याक्षरांनी, इंग्रजी आवृत्तीत ‘हेर्मिने’ असे येते. ग्रंथालयांच्या सूचींत शोध घेताना दोन्ही रूपे तपासावीत.

चर्चच्या अंतर्भागांची चित्रे रंगवणारे योहानेस बोसबोम (१८१७–९१) यांच्यावरील ग्रंथ त्यांनी विल्हेल्म मार्टिन यांच्या सहकार्याने लिहिला (१९१७). मार्टिन हे तेव्हा हेगच्या माउरिट्सहाउस संग्रहालयाचे संचालक होते. १९०३ च्या ग्रंथाची दुसरी डच आवृत्ती मारिअस यांच्या निधनानंतर, १९२० मध्ये निघाली.