मनीऑर्डरीच्या उलट वाटेने

कुडाळ स्टेशनात गाडी थांबते तेव्हा पाऊस नुकताच ओसरलेला असतो. चतुर्थीला दोन दिवस. फलाटावर माणसांपेक्षा बोचकी जास्त, आणि प्रत्येक बोचक्यातून मखराचं काहीतरी टोचतंय. रिक्षावाला बॅगा मोजून भाडं सांगतो, मग विचारतो, "खयचे तुम्ही?" तुम्ही म्हणता, धामापूर. जन्म डोंबिवलीचा, शाळा डोंबिवलीची, घराचे हप्तेही डोंबिवलीचेच. तरी या प्रश्नाचं उत्तर डोंबिवली नसतं, हे रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं.

नेरूरपारच्या पुलाखाली कर्ली फुगलीय. काळसे मागे पडतं, झाडी दाटते आणि टेकड्यांच्या कुशीत एकदम पाणी दिसतं. धामापूरचा तलाव. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली गावकऱ्यांच्या हातांनी बांधून घेतलेला, काठावर भगवतीचं देऊळ. मालवण शहर आजही हे पाणी पितं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत घेतलं. महाराष्ट्राची ती पहिलीच नोंद. बातमी तुम्ही घरात बसून मोबाइलवर वाचलीत आणि छाती जराशी फुगली, जणू त्या बांधावर एखादी टोपली तुम्हीच टाकली होती.

बांधावर नात्यातले एक काका भेटतात.

"कधी इलंस?"

"आत्ताच."

"किती दिस रवतलंस?"

"पाच."

"पावती फाडलंस?"

वाडीतल्या देवळाच्या सभामंडपाची वर्गणी तुम्ही रत्नागिरी यायच्या आतच फोनवरून भरली आहे. काका मान हलवतात आणि पुढे जातात. तुमच्याशी आणखी काही बोलण्यासारखं उरलेलं नसतं.

या तळ्याची एक आख्यायिका घरोघरी सांगतात. लग्न ठरलं की फुलांची परडी पाण्यात सोडायची. ती दागिन्यांनी भरून वर यायची. कार्य उरकलं की दागिने परत करायचे. कुणीतरी परत केले नाहीत, आणि तळ्याने द्यायचं थांबवलं. खरं-खोटं तळं जाणे. पण उसनवारीचा इतका चोख हिशेब ठेवणारी गोष्ट चाकरमान्यांच्या मुलखात टिकून राहावी, याचं मला नवल वाटत नाही.

खाली उतरा. पाण्यात हात घाला. वरचा थर कोमट आहे. जरा आत २६ जानेवारी १९९८ लागतो: कोकण रेल्वे सलग सुरू झाली, बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी जिच्यासाठी दिल्लीत आवाज उठवला होता ती. आता एका रात्रीत मुंबईहून गावी येता येतं. गावची उरलीसुरली पोरंही एका रात्रीत मुंबईला जातात, ते मात्र कुणी हिशेबात धरलेलं नाही.

आणखी आत पाणी गार होतं. १९८२. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. महिने उलटतात. तुम्ही सामानाची ट्रंक डोक्यावर घेऊन एसटीतून उतरता, चतुर्थी नाही, शिमगा नाही, मे महिनाही नाही. अशा अवेळी आलेल्या माणसाला गाव काही विचारत नाही. तुम्ही नांगर धरता तो वाकडा जातो, आणि मेरेवर बसलेली आई दुसरीकडे बघते.

हात आता कोपरापर्यंत. इथे जरा थांबू या, कारण इथेच सगळं साठलं आहे.

१९५६. लालबागची चाळ, दुसरा माळा, गावची खोली. खोली एक आणि माणसं वीस-पंचवीस. पण सगळी एका वेळी आत नसतात. रातपाळीवाला येतो तेव्हा दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळलेली असते. फळीवर ट्रंका, खुंटीला सदरे, जेवण खाणावळीत. तुम्हाला गिरणीत चिकटवलं ते गावच्याच जॉबरने. अजून बदलीवर आहात, पाळी मिळेल त्या दिवसाचाच पगार. खोलीही ज्याची त्याची: गाव एक असलं तरी जात दुसरी असेल तर खोली दुसरी. गावाने पाठवलेल्या फणसाच्या गऱ्यांबरोबर हेही मुंबईला आलं होतं.

पगारानंतरचा रविवार. गावच्या मुंबईतल्या मंडळाची सभा. साचेखात्यातला चिटणीस मागल्या सभेचा वृत्तांत वाचतो, तोही असा की जणू विधानसभाच. माणशी चार आणे. कुणाच्या भावाला दवाखान्यासाठी उसने दिलेत, कुणाच्या मयताचा खर्च मंडळाने केला. मग गावच्या शाळेची कौलं. यावर दोन तास वाद होतो आणि कौलं मंजूर होतात. हसू नका. कोकणातल्या कितीतरी शाळांच्या भिंती अशाच, वळकटीवर बसून केलेल्या ठरावांनी उभ्या राहिल्या. ज्यांना स्वतःला चौथीपुढे जाता आलं नाही, त्यांनी चार-चार आण्यांनी हायस्कुलं काढली. सरकार पोचायच्या आधी तिथे लालबाग-परळ पोचलं होतं.

शेवटी कोपऱ्यातला एकजण म्हणतो, "तळ्याचो पाट फुटलो आसा. वायंगण सुकतला."

शांतता. मग कुणीतरी म्हणतं, "गावात माणसां हत मा?"

विषय तिथे संपतो. वृत्तांतात तो लिहिलाही जात नाही. शाळेवर देणगीदारांची पाटी लागते, देवळाच्या पायरीवर नाव कोरता येतं. पाटाच्या चिखलात नाव कुठे लिहिणार?

सोमवारी तुम्ही पोस्टात रांगेत उभे राहता. वीस रुपये. मनीऑर्डरीच्या फॉर्माला खाली कूपन असतं, बोटभर जागा, तीत सगळा संसार बसवायचा. तुम्ही लिहिता: पैसे पोचले की कळव. आईचा दमा कसा. पावसाआधी घर शाकारून घे. म्हैस विकू नको. जागा संपते. जे लिहायचं होतं ते राहतं, आणि दर महिन्याला राहतं.

आता त्याच मनीऑर्डरीच्या मागून धामापूरला या. पोस्टमन अंगणात उभा राहून कूपन मोठ्याने वाचतो, त्यामुळे दम्याची चौकशी शेजारच्या तीन घरांनाही ऐकू जाते. तुमची बायको अंगठा देते. पैसे मोजून डब्यात ठेवते, वाण्याचे वेगळे काढते, पदर खोचते आणि कुदळ घेऊन निघते. वाडीतल्या आणखी पाच-सहाजणी बरोबर आहेत. झावळ्या, दगड, चिखल. फुटलेला पाट दुपारपर्यंत बांधून होतो आणि तळ्याचं पाणी पुन्हा वायंगणी भाताकडे वळतं. तुम्ही हे पाहत आहात, पण तिला दिसत नाही. तिच्या लेखी तुम्ही लालबागला आहात.

कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा मुलूख' असं हिणवायची एक पद्धत होती. म्हणणाऱ्यांनी डबा पाहिला, कुदळ पाहिली नाही. वीस रुपयांत घर चालायचं नाही. घर चालायचं ते भात घरचं होतं म्हणून. मुंबईचा पैसा आणि गावातल्या बायांचे हात मिळून ते गणित सुटत होतं, आणि ठराव मात्र एकाच बाजूचे लिहिले गेले. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली, २०१५ मध्ये जुन्या रूपात बंद पडली. एकशे पस्तीस वर्षं. तळं पाचशेच्या घरात आलं तरी चालू आहे.

खांद्यापर्यंत हात घाला, गार लागेल. १८९६ च्या प्लेगने मुंबई रिकामी केली होती, ती पुन्हा भरते आहे. तुम्ही चौदा वर्षांचे. मालवणच्या किनाऱ्यावरून पडावात बसता, कारण आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी आहे. गाठोड्यात तांदूळ, आमसुलं, आईने दिलेला नारळ. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे चार महिने परतीचा विचारसुद्धा करायचा नाही. बाप वाळूत उभा आहे. हात हलवत नाही. हलवायचा असतो हे त्याला माहीत नसावं. घराण्यातून गाव सोडणारे तुम्ही पहिले.

आता श्वास घ्या आणि पूर्ण आत जा.

१५३०. तळं नाही. टेकड्यांच्या मधून एक व्हाळ वाहतोय आणि त्याच्यावर माणसंच माणसं. तिकडे विजयनगरात अच्युतदेवराय नुकताच गादीवर आलाय. दक्षिणेला पोर्तुगीजांनी याच वर्षी आपली राजधानी कोचीहून गोव्याला हलवली. इथे त्याची चर्चा नाही. पोफळी आहेत, माड आहेत. काजूचं एकही झाड नाही. काजू अजून समुद्रापलीकडे आहे. एक रांग टेकडीवरून माती घेऊन उतरते, दुसरी रिकामी वर चढते. बायका, पोरं, म्हातारे, डोक्यावर चुंबळी. माती पडली की ती पायांनी तुडवतात, तुडवताना कुणीतरी ओवी धरतं. अजून इथून कुणी कुठे गेलेलं नाही. मुंबई म्हणजे सात बेटं आणि त्यांवरचे कोळी.

तुम्ही सवयीने खिसा चाचपता. खिसाच नाही.

एक बाई चुंबळ सारखी करत तुमच्यासमोर थांबते. तिचा चेहरा ओळखीचा वाटतो. पाट बांधणाऱ्यांत ही होती की डोंबिवलीच्या घरातल्या जुन्या फोटोत, सांगता येत नाही. कुठून आलात, किती दिवस राहणार, ती काही विचारत नाही.

"बघतंस काय? टोपली धर."

माती ओली आहे आणि वाटली होती त्यापेक्षा खूप जड.