'चि' मधली वेलांटी आधी की नंतर?

'चिमूर' हा शब्द वर्गात मुलांना सावकाश उच्चारायला सांगा. आधी च् ऐकू येतो, मग इ. पण फळ्यावर वेलांटी मात्र च च्या डावीकडे दिसते. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर आधी वेलांटी उमटवावी लागे, मग च. यंत्राला दिसणे कळे, उच्चार नव्हे.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या 'इन्स्क्रिप्ट' कळफलकाने उच्चाराचा क्रम स्वीकारला. च, ि, म, ू, र अशा पाच कळा. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवण्याचे काम संगणकाकडे गेले. पण संगणकातल्या नेमके कोणाकडे?

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडू लागले, तेव्हा संगणकाशी बोलायचे ते तारेने जोडलेल्या टेलिप्रिंटरमधून. अक्षराचा संकेत टेलिप्रिंटरच तयार करून पाठवी. युनिक्स ते संकेत ओळभर साठवी, खोडण्याची कळ आली की शेवटचा पुसे आणि एंटर आल्यावरच ओळ प्रोग्रामच्या हाती देई. १९८१ च्या डॉसमध्ये कळफलक संगणकालाच जोडलेला. तो अक्षर नव्हे, फक्त कळेचा क्रमांक कळवी. त्याचे अक्षर संगणकात होई. हवे तर प्रोग्राम डॉसला वगळून थेट तो क्रमांकही वाचू शके. विंडोजमध्ये कळ दाबल्याचा निरोप रांगेत लागतो आणि निवडलेल्या भाषेप्रमाणे त्याचे अक्षर होते.

म्हणूनच कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढलेल्या 'जिस्ट' तंत्राला दोन रूपे घ्यावी लागली. डॉससाठी संगणकात बसवायचे कार्ड आणि युनिक्ससाठी स्वतंत्र टर्मिनल. देवनागरी जुळवण्याचे काम तेच करीत; संगणकाला दिसत ते निव्वळ आकडे.

त्यातही एक खाच होती. इंग्रजीचे संकेत ० ते १२७ मध्ये, म्हणजे सात बिटांत मावतात. 'इस्की' या भारतीय संकेतात देवनागरी त्यापुढे होती. 'च' चा आकडा १८४. युनिक्सची टर्मिनल-जोडणी सात बिटांवर ठेवली असली, तर आठवा बिट गळे. १८४ वजा १२८ म्हणजे ५६, आणि ५६ हा इंग्रजी '8' या अंकाचा संकेत! यंत्र बिघडलेले नसे. आपली लिपी धरून त्याची मांडणीच झालेली नव्हती.

१९९१ च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. पण यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, 'चिमूर'ला पंधरा. खोडताना एकच बाइट पुसला, तर मागे उरतो तो अक्षराचा तुकडा. संपूर्ण चिन्ह पुसण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यात आली ती २००४ साली.

आता संगणकावर 'चि' लिहा आणि खोडण्याची कळ एकदाच दाबा. बहुतेक ठिकाणी वेलांटी जाईल, च राहील. डावीकडची खूण आधी का गेली, हे मुलांनाच शोधू द्या.